बासष्ट हजार किलोमीटरची डिझेल स्विफ्ट: घेऊ का, काका?

परवा एका मुलाने विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्याच हिशेबाने लिहिलंय. मुलगा नाशिकला पाथर्डी फाट्याला राहतो, अंबडला कंपनीत आहे. रोजचं जाऊन-येऊन बारा-चौदा किलोमीटर, महिन्यातून एकदा आईला घेऊन कळवणला गावी. घरात बायको आणि तीन वर्षांची मुलगी. आयुष्यातली पहिली गाडी, बजेट साडेचार लाख. एका डीलरकडे २०१६ ची डिझेल स्विफ्ट मनात भरलीय. पांढरी, सेकंड ओनर, मीटरवर ६२ हजार, किंमत ४ लाख ३५ हजार. ‘उद्या टोकन टाका, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय’ असं डीलर म्हणतो. काका, घेऊ का?

टोकन देऊ नका. सातपूरला माझं गॅरेज आहे, सत्तावीस वर्षं झाली. हे दुसरं गिऱ्हाईक सत्तावीस वर्षं थांबलेलंच आहे, मला अजून एकदाही भेटलेलं नाही.

गाडी वाईट आहे असं मी न बघता म्हणणार नाही. त्या १.३ लिटर डिझेल इंजिनाने लाख-दोन लाख किलोमीटर कुरकुर न करता काढलेल्या गाड्या मी हाताने उघडल्यात. पण आधी तुमचं रनिंग बघा. रोजचे चौदा किलोमीटर, गावाचे महिन्याला दीडशे-एकशेसाठ, वर सिनेमा-बाजार धरला तरी महिन्याला सहाशेच्या वर जात नाही. शहरात पेट्रोल गाडी सोळाचं अॅव्हरेज देईल, डिझेल विसाचं. पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ रुपये लिटर धरा. पेट्रोलला महिन्याचे ३,९०० होतात, डिझेलला २,७३०. म्हणजे वर्षाला चौदा हजारांची बचत. आणि या इंजिनाला इंजेक्टर चार. एक नवा घालायची वेळ आली तर दहा हजारांच्या पुढेच जातो, टर्बोचं तर बोलूच नका. एका दुखण्यात दोन-तीन वर्षांची बचत गेली. त्यातून सहा-सात किलोमीटरच्या पल्ल्यात डिझेल इंजिन धड तापतही नाही, काजळी धरतं. महिन्याला दीड-दोन हजार किलोमीटर चालवणाऱ्यालाच डिझेल परवडतं. मारुतीने तर १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हे धुराचे कडक नियम लागू झाले तेव्हा डिझेल बंदच केलं. सुट्टे भाग आज मिळतात, पण विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक कमी असेल.

हाच हिशेब आता त्या ६२ हजारांवर लावून बघा. २०१६ मध्ये पेट्रोलपेक्षा लाखभर जास्त मोजून कोणी डिझेल घेतली ती कशासाठी? चालवायला. वर्षाला सहा-सात हजार किलोमीटर चालवणारा माणूस डिझेल घेत नाही. घेतच नाही असं नाही. एखादे रिटायर्ड साहेब असतात, मुलाने हट्टाने घेऊन दिलेली असते. पण तसं असेल तर पुरावा असायला हवा.

पुरावा कुठे मिळतो? पहिला, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये. गाडीच्या नंबरवर प्रत्येक सर्व्हिसची तारीख आणि त्या दिवशीचं रीडिंग नोंदलेलं असतं. मालकाला सोबत घेऊन जा, नाहीतर त्याला मागवायला सांगा. खरा मालक नाही म्हणत नाही. ‘बाहेरच करून घ्यायचो’ असं उत्तर आलं तर निदान बिलं तरी दाखवा म्हणावं. दुसरा पुरावा टायरवर. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा शिक्का असतो, समजा २३१९. म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. आता हिशेब करा: गाडी २०१६ ची, खालचे टायर २०२३ चे, आणि मालक बोलता बोलता सांगतो की हा तिसरा सेट. एक सेट साधारण चाळीस-पंचेचाळीस हजार जातो. म्हणजे ऐंशी हजारांच्या आत गाडी सहसा असू शकत नाही. स्टेपनीचा शिक्का मात्र गाडीच्या सालाशी जुळायला हवा. बहुतेकांची स्टेपनी पहिल्या दिवसापासून तीच असते.

तिसरा पुरावा ड्रायव्हरच्या सीटवर. उतरताना माणूस सीटच्या उजव्या काठावरून घसरतो. साठ हजारांत तो काठ दबत नाही, दीड लाखात हमखास दबतो. क्लचच्या पेडलचं रबर एका बाजूने गुळगुळीत झालंय का बघा. नवं कोरं असेल तर आणखी वाईट: का बदललं? स्टिअरिंगला नवं कव्हर घातलेलं असेल तर सरळ काढून खालचं कातडं बघायचं. डीलरला राग आला तर येऊ द्या. मीटर मागे घेणं हे लॅपटॉपवरचं अर्ध्या तासाचं काम आहे, पण सीट मागे घेता येत नाही.

गाडी कोणाच्या हातात होती आणि कशासाठी, हे कळलं की निम्मं काम झालं. मॉडेलची चर्चा लोक तासन्‌तास करतात, मालकाची कोणी करत नाही. आपल्या जिल्ह्यात तर गाडी कुठल्या तालुक्यातून आली त्यावरून ती कशी असेल ते बरंचसं सांगता येतं. पिंपळगाव, निफाड, दिंडोरीकडची बागायतदाराची गाडी असेल तर इंजिन बहुधा चांगलं निघतं, कारण ती रस्त्यावर एका लयीत पळालेली असते. पण खालून बघायची. मळ्यातल्या रस्त्याने लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, शॉकअप असे सस्पेन्शनचे भाग गेलेले असतात, आणि काळ्या मातीचा गिलावा पत्र्याच्या खोबणीत बसून आतून गंज धरलेला असतो. डिकीतली मॅट उचला. एकदा एका वॅगन आरच्या मॅटखाली मला निळा डाग दिसला. मोरचुदाचा. बागेवर बोर्डोचं औषध फवारायला मोरचुदाच्या पिशव्या त्याच गाडीतून मळ्यात जायच्या. मोरचूद ओल धरून लोखंड खातो. डाग खरवडला तर पत्रा नखाने सुटत होता. मालक भला माणूस होता, त्यालाच माहीत नव्हतं. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूची गाडी असेल तर चार महिने पाऊस खाल्लेली, सायलेन्सर आणि खालची फ्रेम आधी बघायची. आणि डिझायर किंवा एर्टिगा बघायला गेलात तर एक वेगळीच चौकशी करा: पूर्वी पिवळ्या पाटीची होती का? शिर्डी-मुंबई मारलेली टॅक्सी पासिंग बदलून पांढऱ्या पाटीची करता येते. ते कायदेशीर आहे, फक्त किंमत त्या हिशेबाने हवी. नंबर प्लेट उपटून खाली जुना पिवळा रंग राहिलाय का बघणारे बहाद्दर मी पाहिलेत. त्यापेक्षा आरटीओच्या नोंदीत विचारा.

पाण्यातल्या गाडीचं सांगताना माझी फजिती सांगतो, कारण मेकॅनिकसुद्धा फसतो. डिसेंबर २००५. मेव्हण्यासाठी एक झेन घेतली, एमएच-०४, म्हणजे ठाणे पासिंगची, एक लाख चाळीस हजारांना. इंजिन मी स्वतः बघितलं होतं, सुरेख चालत होतं. नवीन सीट कव्हर, नवीन मॅट, आत अत्तराचा घमघमाट. मी म्हटलं मालक हौशी दिसतो. पुढच्या दिवाळीत एका रात्री अंगणात उभ्या गाडीचा हॉर्न आपोआप सुरू झाला तो बॅटरीची वायर काढेपर्यंत थांबेना. मग वायपर, मग मागचे दिवे. डॅशबोर्ड उतरवला तर प्रत्येक कनेक्टरच्या पिना हिरव्या झालेल्या. मग मला सुचलं: मागचा सीट बेल्ट हाताला लागेल तेवढा नाही, शेवटपर्यंत, पूर्ण बाहेर ओढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर वाळलेल्या चिखलाची सरळ रेघ. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता; त्या पाण्यात मुंबई-ठाण्यात किती गाड्या बुडाल्या आणि त्यातल्या किती घाट चढून इकडे आल्या, त्यातली एक माझ्या मेव्हण्याच्या दारात होती. मेव्हणा अजून लग्नकार्यात तो विषय काढतो.

तेव्हापासून मी बेल्टपासून सुरुवात करतो. सीट बेल्ट पूर्ण ओढायचा, चारही. मग सीटच्या खाली हात घालून रुळावर आणि स्प्रिंगवर गंज आहे का चाचपायचं, पुढच्या पायातली मॅट एका कोपऱ्यातून उचलून खालच्या फेल्टचा वास घ्यायचा. स्टेपनीच्या खड्ड्यात बारीक वाळू राहते, ती कोणी धूत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर बुडालं, जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड. त्या गाड्यांतल्या बऱ्याच अजून बाजारात फिरताहेत. आणि लांब कशाला, गोदेला पूर आला की घाटावर लावून ठेवलेल्या गाड्यांचं काय होतं ते आपण बघतोच. दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं त्याच्या गप्पा होतात, पण त्या गाड्या पुढे कोणी घेतल्या ते कोणी विचारत नाही. पाण्यात गेलेली गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. इंजिन दुरुस्त होतं, वायरिंगचं दुखणं जन्माचं.

आता इंजिन. पहिला नियम: गाडी थंड असताना बघायची. डीलर ‘निघालात की फोन करा, गाडी काढून ठेवतो’ असं म्हणतात, ते प्रेमाने नाही. गरम इंजिन सगळी लबाडी लपवतं. पोहोचलात की नमस्कार करायच्या आधी बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर चहा नाही, काही नाही, ‘संध्याकाळी येतो’ म्हणून निघायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता जायचं. थंड गाडीला किल्ली मारली की पहिल्या दहा सेकंदांत ती बरंच बोलते. डिझेल असेल तर एका स्टार्टला उचलते की नुसती घुरघुर करते? सायलेन्सरमागे एक माणूस उभा करा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थंडीत थोडा वेळ निघाला तर घाबरायचं कारण नाही, नाशिकच्या डिसेंबरात तो निघणारच. इंजिन गरम झाल्यावरही येत राहिला तर पाणी किंवा न जळलेलं डिझेल. काळा धूर म्हणजे जास्तीचं इंधन, बहुतेक वेळा इंजेक्टर.

मग इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण उघडायचं, जपून. थोडी वाफ प्रत्येक गाडीत येते. पण झाकण नुसतं तोंडावर ठेवलं आणि ते टुणटुण उडायला लागलं, आगगाडीसारखे भपकारे यायला लागले, तर त्याला आम्ही बॅक कॉम्प्रेशन म्हणतो: रिंगा-पिस्टन घासलेत, इंजिनाचं काम जवळ आलंय. तिथेच बोलणं थांबवा. झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाळ, कॉफीच्या फेसासारखा थर असेल तर ऑइलमध्ये पाणी जातंय, हेड गॅस्केट संशयात. कूलंटच्या टाकीत हिरवं, गुलाबी किंवा निळं पाणी हवं. तांबूस, गंजाचं पाणी असेल तर मालकाने वर्षानुवर्षं नळाचंच पाणी ओतलंय. तो मालक बाकी काय काय नळाचं वापरत असेल ते तुम्हीच समजा.

किल्ली ऑन केल्यावर मीटरमधले सगळे दिवे क्षणभर लागायला हवेत आणि मग विझायला हवेत. एअरबॅगचा दिवा लागतच नसेल तर ‘बॅग ओके आहे’ असं समजू नका. अपघातात बॅग उडालेली असते आणि बोंब नको म्हणून दिवाच कापलेला असतो. मी असा एक दिवा मागच्या बाजूने काळ्या टेपने झाकलेला काढलाय. तुमच्या घरात लहान मुलगी आहे म्हणून हे मुद्दाम सांगतो: सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय) सक्तीचं झालं एप्रिल २०१९ पासून आणि ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून. त्याआधीच्या खालच्या मॉडेलांत दोन्ही नसू शकतात. ‘स्विफ्ट आहे म्हणजे असणारच’ असं धरू नका, एअरबॅगसाठी स्टिअरिंगवर बघा.

बॉडीसाठी ऊन हवं. संध्याकाळी दिव्याखाली सगळ्या गाड्या नव्या दिसतात. गाडीच्या बाजूला उकिडवं बसून पत्र्यावरून नजर लांब टाका, पडलेली सावली कुठे मोडते बघा. बोटाच्या पेराने टकटक करा. जिथे पत्र्याचा आवाज जाऊन भरीव, मातीच्या मडक्यासारखा आवाज येतो तिथे लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुटी, भरलीय. घरातला फ्रीजवरचा लोहचुंबक रुमालात गुंडाळून न्या, लांबी जाड असेल तिथे तो धरत नाही. एक-दोन दारं टचअप केलेली असणं हा गुन्हा नाही, आपल्या शहरात द्वारका चौकातून रोज जाणाऱ्या गाडीला ओरखडा नसेल तरच मला शंका येते. गुन्हा वेगळाच असतो. दार उघडून चौकटीवरचं काळं रबर ओढा. खाली कंपनीच्या स्पॉट वेल्डिंगचे गोल ठसे एका ओळीत, सारख्या अंतरावर दिसतील. ठसे नसतील, किंवा तिथे हाताने वेल्डिंग ओढलेलं दिसलं, तर पिलर, म्हणजे छत पेलणारा खांब, कापून जोडलाय. बोनेट उघडून दोन्ही बाजूंचे एप्रन (चाकांच्या आतल्या बाजूचा पत्रा) आणि पुढचे चेसिसचे पाय तसेच बघा, बोनेटच्या आणि दाराच्या बिजागरीचे बोल्ट पान्याने खरवडलेत का बघा. सगळ्या काचांवर कंपनीचा एकच शिक्का हवा. एक काच वेगळी म्हणजे दगड लागला असेल. तीन काचा वेगळ्या म्हणजे गाडी उलटली असेल. ती सोडा.

चालवून बघताना डीलर म्हणेल ‘एक राउंड मारून या’ आणि स्वतः शेजारी बसून गाणी लावेल. गाणी बंद करा, एसी आधी बंद ठेवा. तुम्ही पाथर्डी फाट्याचेच आहात, तर अंबडच्या आतल्या रस्त्यांनी सुरुवात करा. तिथल्या खड्ड्यांचा एवढा एक उपयोग आहे की सस्पेन्शनमधली एकही खुटखुट लपत नाही. मग मोकळ्या मैदानात स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून गोल फिरवा, टकटक आवाज आला तर एक्सलचा जॉइंट गेलाय. उड्डाणपुलाच्या चढावर थांबून उचला. चौथ्या गिअरला हळू वेगात एकदम अॅक्सिलरेटर द्या: इंजिन ओरडतं पण गाडी पळत नाही, तर क्लच घसरतोय. मग हायवेला विल्होळीपर्यंत जाऊन या. ऐंशीला स्टिअरिंग थरथरतं का, हलकं सोडलं तर गाडी एका बाजूला ओढते का, ब्रेकला सरळ थांबते का. परत आल्यावर इंजिन चालूच ठेवून एसी पूर्ण लावा आणि दहा मिनिटं उभं राहा. तापमानाचा काटा मध्यावर राहायला हवा, रेडिएटरचा पंखा सुरू व्हायला आणि बंद व्हायला हवा. या दहा मिनिटांचा कंटाळा करून गॅस्केटचं काम अंगावर घेतलेले लोक माझ्याकडे वर्षातून तीन-चार तरी येतात.

हे सगळं तुम्हाला जमेलच असं नाही. ओळखीच्या मेकॅनिकला नेऊन स्कॅनर लावून घ्या, त्याला हजार-दीड हजार द्या. फुकट नेऊ नका. फुकट नेलेला मेकॅनिक डीलरच्या चहावर खूश होतो. हे माझ्या धंद्याबद्दल मीच लिहितोय.

कागदांत लोक आरसी बुक बघतात आणि थांबतात. एम-परिवहन या सरकारी अॅपवर नंबर टाका: कितवा मालक, विमा कधीपर्यंत, बँकेचा बोजा आहे की उतरलाय. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा अर्ज) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे सोडायचे नाहीत. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान साइटवर गाडी आणि चेसिस नंबरचे शेवटचे आकडे टाकून थकलेली चलनं बघा. मी एका गाडीवर अठरा हजारांची बघितलीत, बहुतेक सगळी एक्सप्रेस-वेवरची. चेसिस नंबर आरसीवरचा आणि गाडीवर कोरलेला, डोळ्यांनी जुळवा. सीएनजीची घेणार असाल तर किट आरसीवर चढलेलं हवं आणि टाकीची तीन वर्षांनी होणारी तपासणी झालेली हवी, तारीख पाटीवर असते. दिल्ली पासिंगच्या स्वस्त डिझेलच्या मोहात पडू नका. तिकडे दहा वर्षांपुढच्या डिझेलवर बंधनं आली म्हणून ती इकडे येते. तिकडच्या आरटीओची एनओसी, तिच्यासाठी फॉर्म २८, इथला रोड टॅक्स, पेठ रोडच्या आरटीओचे हेलपाटे हे सगळं मिळून स्वस्ताई उरत नाही.

नावावर करण्याबद्दल मात्र थोडं जास्त बोलतो. फॉर्म २९ आणि ३० वर, म्हणजे ट्रान्सफरच्या कागदांवर, विकणाऱ्याची सही झाली म्हणजे गाडी तुमची झाली असं नाही. बाजारात अजूनही सह्या केलेला ‘टीटी सेट’ तसाच फिरतो: पहिल्या मालकाने डीलरला दिला, डीलरने दुसऱ्याला, आरसीवर नाव पहिल्याचंच. कायद्याने विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नावावर करायची. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की अपघात झाला तर जबाबदारी आरसीवर ज्याचं नाव त्याची, गाडी मध्ये कितीही हात फिरलेली असो. त्यामुळे विकणाऱ्यालाही घाई हवी, हे त्याला सांगा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं आहे, ते दाखवायला सांगा. नसेल तर तो फक्त दलाल आहे, मग मूळ मालकाला समोर बसवूनच व्यवहार करा. तुमच्या सेकंड ओनरच्या बाबतीत मला नेमका हाच प्रश्न आहे: दुसरा मालक कोण, आणि त्याच्याशी तुम्ही एकदा तरी बोललात का?

विमा गाडीबरोबर येतो, पण आपोआप तुमच्या नावाचा होत नाही. चौदा दिवसांत कंपनीला कळवून नाव बदलून घ्यायचं. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची सूट) जुन्या मालकाकडे राहतो, तो फरक तुम्हाला भरावा लागतो. हे न केल्याने, आरसी एकाच्या नावावर आणि पॉलिसी दुसऱ्याच्या, अशी गाडी ठोकल्यावर क्लेम अडकतो. डिलिव्हरीच्या कागदावर तारखेबरोबर वेळ आणि मीटर रीडिंगही लिहून घ्या. जुना फास्टॅग बंद करायला लावा, दोन्ही किल्ल्या मागा. दुसरी किल्ली ‘हरवली’ असेल तर पैसे कमी करा आणि लॉक रिप्रोग्राम करून घ्या.

भाव करताना आधी नव्या गाडीची आजची किंमत बघून जा. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या उतरल्या. जुन्यांचे दर मात्र काही डीलर अजून आधीच्याच हिशेबाने सांगतात. चार लाख पस्तीस हा त्यातलाच दर वाटतो. आणि साडेचार लाख बजेट म्हणजे गाडीला चार लाखांपर्यंतच. उरलेले घेतल्याबरोबर लागतात: सगळी ऑइलं-फिल्टर, बहुतेक वेळा बॅटरी, टायर संपलेले असतील तर चारचे सोळा-वीस हजार, विमा, ट्रान्सफर. टोकन द्यायचंच तर पाच हजार, तेही पावतीवर ‘तपासणीत दोष निघाल्यास परत’ असं लिहून. बाकी पैसे बँकेतून. दोन लाख किंवा त्यावर रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, आणि रोखीचा पुरावा तुमच्याकडेही राहत नाही.

मग तुम्ही घ्यावं काय? माझ्या मते २०१७ ते २०१९ मधली पेट्रोल वॅगन आर, स्विफ्ट किंवा ग्रँड आय-टेन, पहिला मालक, नाशिकचीच एमएच-१५, सर्व्हिस रेकॉर्डसह, शक्यतो थेट घरून. आरसी पंधरा वर्षांची असते, म्हणजे २०१८ ची गाडी २०३३ पर्यंत निर्धास्त. पुढे फिटनेस आणि पर्यावरण कर भरून वाढवता येते, तोपर्यंत मुलगी शाळेत वरच्या वर्गात गेलेली असेल आणि तुम्हाला मोठी गाडी हवी असेल. सप्तशृंगीच्या गडावर वणीला चार माणसं घेऊन चढायला ही इंजिनं पुरतात, नांदुरीच्या घाटात एसी बंद करायचा एवढंच.

तरीही ती पांढरी स्विफ्ट डोळ्यांसमोरून हलत नसेल, आणि पहिल्या गाडीच्या बाबतीत ती हलत नाही हे मला माहीत आहे, तर दुसऱ्या मालकाचा फोन नंबर आणि सर्व्हिसचं रेकॉर्ड मागा. मिळालं तर रविवारी सकाळी आठला डीलरकडे जाऊ, मी येतो. किती वाजता येणार ते त्याला सांगू नका.